स्कॅन केलेली जुनी पुस्तकं टॅबवर वाचायला कोणतं अ‍ॅप चांगलं?

तुम्ही लिहिलंय की दहा इंची अँड्रॉइड टॅबवर स्कॅन केलेली मराठी पुस्तकं वाचताना अक्षर बारीक दिसतं, आणि मोठं केलं की पान सारखं बोटानं सरकवत बसावं लागतं. आधी उत्तर देऊन टाकतो: रीडएरा. प्ले स्टोअरवर फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडायला लागत नाही. पण नुसतं उतरवून घेतलंत तर काही फरक पडणार नाही. त्यात समास कापायची सोय आहे, ती चालू करा.

कारण असं. आपली बरीच पुस्तकं डेमी आकाराची, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. दहा इंची लांबट टॅब उभा धरला तर त्याचा पडदाही साधारण तेवढाच भरतो. म्हणजे अक्षर छापील पुस्तकाएवढं दिसायला हवं. दिसत नाही, कारण स्कॅन करणाऱ्यानं पुस्तकाखालचं टेबल, काळी पट्टी, पिवळा पडलेला समास असं सगळं फोटोत घेतलेलं असतं. तो फापटपसारा छाटला की उरतो चारेक इंच रुंदीचा मजकूर, आणि तोच पडदाभर पसरला की मूळ छपाईपेक्षाही मोठा होतो. माझा टॅब तर आठ इंची आहे, तरी भागतं. चष्मा सापडत नसला की टॅब आडवा धरायचा आणि अर्धं-अर्धं पान वाचायचं.

मी या भानगडीत पडलो २०१९च्या पुरामुळे. आमचं घर सांगलीत, गावभागात. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, आणि तळमजल्यावरच्या कपाटात वडिलांची पुस्तकं फुगून अशी घट्ट बसली की फळ्या पहारीनं उचकटाव्या लागल्या. त्यातली बरीचशी मला पुढे इंटरनेट आर्काइव्ह (archive.org) या फुकट ऑनलाइन ग्रंथालयात सापडली, काही साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर. तेव्हापासून सात-आठ अ‍ॅपं घालून काढून झालीत.

दोन पानं एकत्र स्कॅन केलेली असतील तर रीडएरा ती एकेक करूनही दाखवतं. पान वाकडं, छपाई फिकी, कडेला डाग, असली हट्टी फाईल असेल तर मात्र केओरीडर घ्या. हेही फुकट, एफ-ड्रॉइड या प्ले स्टोअरसारख्याच अ‍ॅपांच्या दुकानात मिळतं. दिसायला रुक्ष आहे आणि पहिले दोन दिवस तुम्ही मला शिव्या घालाल. पण कापायची चौकट त्यात स्वतः आखता येते, शाई गडद करता येते, आणि स्कॅनच्या चित्रातले शब्द सुटे करून नव्या ओळींत मांडायचीही सोय आहे. ती शेवटची सोय इंग्रजी पुस्तकांना छान लागू पडते. आपल्या दाट ओळींत उकार नि वेलांट्या कधी शेजारच्या ओळीत जाऊन बसतात. मी ती बंदच ठेवतो.

शाई गडद करतानाही हात आखडता ठेवा. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘घरें’ असे अनुस्वार जागोजाग असतात. फार गडद केलं की कागदावरचे ठिपकेही अनुस्वार होतात, आणि मग वाचणारा प्रत्येक शब्द नाकात म्हणायला लागतो. माझ्या बायकोनं एक आख्खं प्रकरण तसं मोठ्यानं वाचून दाखवलंय.

पान उलटायला दोन-तीन सेकंद लागत असतील तर दोष बहुधा अ‍ॅपचा नाही. आर्काइव्हच्या पीडीएफमधली चित्रं इतकी दाबून बसवलेली असतात की स्वस्त टॅबला ती उलगडता उलगडता दम लागतो. पुस्तकाच्या त्याच वेबपानावर डेजाव्हू (DjVu) फाईल, म्हणजे स्कॅन साठवायचा दुसरा प्रकार, दिसली तर ती उतरवा. ही दोन्ही अ‍ॅपं ती उघडतात. २०१६नंतर चढवलेल्या पुस्तकांना आर्काइव्ह ती करून देत नाही, जुन्यांना बऱ्याचदा मिळते. घरी संगणक असेल तर ब्रिस नावाच्या फुकट प्रोग्रॅमनं समास कायमचे कापून घ्या. तो सम आणि विषम पानं वेगळी धरतो, त्यामुळे शिवणीकडचा मजकूर कापला जात नाही.

शब्द शोधायची फारशी आशा मात्र ठेवू नका. बऱ्याच फायलींत अ‍ॅपच्या लेखी ते पान म्हणजे नुसता फोटो. एखादा उताराच हवा असेल तर तेवढी पानं गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडा, मराठी बऱ्यापैकी ओळखतं.

आणि स्कॅन करणाऱ्याचा अंगठाच ओळींवर आला असेल तर त्याला कुठलंच अ‍ॅप चालत नाही. अशा वेळी तेच पुस्तक पुन्हा शोधा; आर्काइव्हवर कधी कधी एकाच पुस्तकाच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या ग्रंथालयांतून आलेल्या असतात. शोधताना नाव रोमन लिपीतही टाकून पाहा, स्पेलिंग बदलून बदलून.