निम्मं वर्ष शाळेत, निम्मं फडात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे. अकरा लेकरं ऊसतोडीवरून आत्ता परत आली. त्यांना दुसरीचं पुस्तकही अडखळत वाचता येतं. यांच्यासाठी बाकीच्यांना थांबवायचं, की यांना तसंच पुढं ढकलायचं?
– एक शिक्षिका, धारूर तालुका, जि. बीड

उत्तर : ताई, आधी एक हिशेब मांडा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षातून किमान २०० दिवस भरायला हवी. ऊसतोड मजुरांची टोळी दिवाळीनंतर निघून मार्चअखेर परतली, तर त्यातले जवळपास निम्मे दिवस जातात. असे चार हंगाम काढलेल्या लेकराच्या वाट्याला चौथीपर्यंत जेमतेम दोन वर्षांची शाळा येते. ते दुसरीचं वाचतंय, म्हणजे मिळालं तेवढं शिकलंय. त्याला ‘कच्चं’ म्हणू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दर वर्षी बुडतं ते दुसरं सत्रच, म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा मागचा अर्धा भाग. म्हणून या लेकरांचं शिक्षण सलग मागे नसतं, त्याला ठरावीक ठिकाणी भोकं असतात. सगळ्यांना पुन्हा ‘अ आ इ’पासून बसवलं, की येतंय त्यातच महिना जातो आणि भोक तसंच राहतं.

एप्रिलमध्ये फक्त तपासा. एकेका लेकराला वर्गाबाहेर घेऊन पाच-सात मिनिटं द्या. सुटी अक्षरं, सोपे शब्द, चार वाक्यांचा उतारा, आठ-दहा वाक्यांची गोष्ट, असे चार कागद करा. अक्षरं आणि शब्द पाचपैकी चार बरोबर आले, की पुढचा कागद. उताऱ्यात तीनपर्यंत चुका चालतील, पण वाचन शब्दाशब्दाला तुटायला नको. एकसुरात सगळ्यांकडून वाचून घेऊ नका. त्या सुरात न येणारं लेकरू अगदी सहज लपतं. घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणाऱ्यांना गोष्टीचा अर्थ गोरमाटीतच सांगू द्या. वाचता न येणं वेगळं आणि मराठी शब्द ठाऊक नसणं वेगळं.

वाचनाची गाडी बहुतेक वेळा जोडाक्षरांत अडते, त्यातही ‘र’पाशी. सूर्य, चक्र, राष्ट्र, दऱ्या या चार शब्दांत ‘र’ चार रूपं घेतो. रोज एकच रूप घ्या, त्याचे दहा शब्द फळ्यावर लिहा आणि लेकरांच्या बोलण्यातले आणखी पाच त्यांच्याकडून काढा.

गणितात ५२ − २७ घाला. उत्तर ३५ आलं, तर लेकराने एककात सातातून दोन वजा केले. लहान आकडा मोठ्यातून काढायचा एवढाच नियम त्याच्याजवळ आहे. तुराट्यांचे सारखे तुकडे करून दहा-दहाचे गठ्ठे बांधा. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवा आणि सात काढायला सांगा. गठ्ठा सोडल्याशिवाय जमत नाही, हे त्याच्या हाताला कळू द्या. एक सोडला की चार गठ्ठे आणि बारा काड्या. त्यातून सात गेल्या, पाच उरल्या. मग दोन गठ्ठे गेले, दोन उरले. निदान आठवडाभर काड्या आणि पाटी सोबत चालू द्या. काड्या लवकर उचलल्या, की हातचा पुन्हा मंत्रासारखा पाठ होतो. एक तपासणी वेगळी करा : ‘बावन्न’ म्हटल्यावर २५ लिहिणाऱ्याची अडचण वजाबाकीची नाही. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, तिथे ते चुकतंय.

खरं काम जून ते ऑक्टोबर. तिसरी ते पाचवीची मुलं रोज एक तास इयत्ता विसरून पातळीप्रमाणे बसवा, बाकी दिवस आपापल्या वर्गात. दर पंधरवड्याला पुन्हा तपासून गट बदला. गट बदलला नाही, तर महिन्याभरात तो ‘ढ’ पोरांचा बाक होतो.

प्रश्न : यंदा सातवीतल्या भाचीलाही ऊसतोडीला साखर कारखान्यावर नेणार म्हणतात, धाकट्याला सांभाळायला. काय करावं?
– एक आत्या, परळी तालुका

उत्तर : आत्याबाई, ती गावातच राहावी यासाठी पहिली धडपड करा. कोपीवर (तोड मजुरांच्या झोपडीत) राहून लहानग्याला सांभाळणारी मुलगी शाळेत जाईल, ही आशा ठेवू नका. शाळा व्यवस्थापन समितीकडे हंगामी वसतिगृहाची मागणी टोळी निघण्याआधी, म्हणजे सप्टेंबरातच लेखी करा. त्यात मुलं गावात नातेवाइकांकडे राहतात आणि जेवणाची सोय वसतिगृहात होते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आहे. तिच्यात ४१ तालुक्यांत मुला-मुलींची मिळून ८२ वसतिगृहं मंजूर आहेत. चौकशी समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात करा.

जाणं टळतच नसेल, तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाने दुसऱ्या शाळेत दाखवायचं) घ्या आणि पुस्तकं सोबत द्या. टीसी नाही किंवा वर्ष अर्धं झालं, या कारणाने तिकडच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. टोळी कर्नाटकात जाणार असेल, तर शाळा कन्नड असण्याचा संभव मोठा, तेव्हा गावातच ठेवणं अधिक बरं.

प्रश्न : एकच शाळा, तेच गुरुजी, तेच पुस्तक. तरी दलित वस्तीवरची मुलं मागे का? अमेरिकेतही काळ्या-गोऱ्या मुलांच्या गुणांत असंच अंतर आहे म्हणतात. मग हे घरच्या वळणाचंच नाही का?
– एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : घरची परिस्थिती मोजावीच लागते. १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या अहवालाने अमेरिकेत तेच दाखवलं : शाळेच्या खर्चापेक्षा घरच्या परिस्थितीचा गुणांशी जास्त संबंध. पण त्यावरून ‘शाळेच्या हातात काही नाही’ असं म्हणणं चूक. १९८५ पासून टेनेसी राज्यात काही मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं १३ ते १७ जणांच्या वर्गात घातलं, इतरांना २२ ते २५ च्या. लहान वर्गाचा फायदा सगळ्यांना झाला, काळ्या मुलांना अधिक.

आपल्याकडचा दाखला आणखी बोलका आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी दिली. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांनी सारखीच कोडी सोडवली. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या घसरली. मुलं त्याच गावांतली, घरंही तशीच. बदललं ते एवढंच, की जात मोठ्याने उच्चारली गेली.

म्हणून शिष्यवृत्तीची यादी वर्गात प्रवर्गासह वाचू नये. फॉर्म घरी किंवा कार्यालयात द्यावा. पेपर तपासताना नावाचा भाग दुमडून क्रमांकावर तपासावा. आठवडाभर हजेरीपटावर, प्रश्न कुणाला विचारला, याची खूण करावी. झाडू आणि पाण्याची पाळी हजेरी क्रमांकाने लावावी आणि त्यात कुणाला सूट देऊ नये. या गोष्टींना पैसा लागत नाही, त्यामुळे निधी नाही ही सबब इथे चालणार नाही.

प्रश्न : आठवीच्या मुलाला एनएमएमएसला (केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला) बसवू का?
– एक पालक, गंगाखेड

उत्तर : जरूर. पात्र ठरून निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के) हवेत आणि शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित हवी. बुद्धिमत्ता आणि शालेय विषय असे ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर असतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. परीक्षा साधारण डिसेंबरात येते, नेमकी हंगामाच्या भरात. तुम्ही कोयत्यावर (ऊसतोडीला) जात असाल, तर अर्ज भरतानाच ठरवा की त्या महिन्यात मुलगा कुणाकडे राहील, आणि प्रवेशपत्र त्या घरी पोचेल असा फोन नंबर शाळेत लिहून द्या.