जुन्या बसला जास्त ताकदीचं डिझेल इंजिन बसवता येईल का?

येईल, पण इंजिन चासीवर बसवणं हा त्यातला सोपा भाग. हॉर्सपॉवर राहू द्या, आधी टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, बघा. ६०० न्यूटन-मीटर टॉर्क झेलणाऱ्या गिअरबॉक्सला ९०० चं इंजिन जोडलंत, तर पहिल्याच मोठ्या चढावर क्लच घसरेल: इंजिन बोंबलतंय, बस जागची हलत नाही आणि आत जळका वास. क्लच दणकट घातलात की तोच मार गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट (ताकद मागे नेणारा दांडा) आणि डिफरन्शियल (ती चाकांना वाटणारे गिअर) यांच्यावर जातो. म्हणून शक्यतो इंजिन-गिअरबॉक्सची जोडीच घ्या. फ्लायव्हील हाउसिंगची (इंजिन-गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाची) भोकं जुळवत बसायची कटकटही वाचते.

हमखास विसरलं जातं ते डिफरन्शियलचं गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे. जुनं इंजिन २८०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) जात होतं आणि नवं २२०० लाच थांबतं, तर टॉप गिअर आणि हे गुणोत्तर तेच असताना बसचा कमाल वेग पाचव्या हिश्शाहून जास्त घटेल. ताकद वाढवून गाडी हळू झाली, असं ऐकायची वेळ येते!

रेडिएटर मोठा लागेलच. इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक), वायरिंग, अ‍ॅक्सिलरेटर पेडल एकाच गाडीतलं आणा. आणि कामाला हात लावण्याआधी नोंदणी कार्यालयात विचारा, इंजिन बदलाची लेखी परवानगी बहुतेक ठिकाणी लागते.