स्टॉक रोज जुळतो, टेबलं भरलेली असतात, तरी छोट्या बारमध्ये पैसा उरत नाही. नोकर चोरी करत असतील का आणि ती थांबवायची कशी?

तुम्ही लिहिलंय की काका आजारी पडल्यापासून त्यांचा नाशिकरोडचा छोटा परमिट रूम तुम्हीच बघताय, आठ-दहा टेबलं, पाच माणसं, रोज रात्री बाटल्या मोजल्या की हिशोब बरोबर येतो, गिऱ्हाईक पण आहे, तरी महिन्याच्या शेवटी हातात काही राहत नाही. दादा, तुमच्या अख्ख्या प्रश्नात मला एकच वाक्य खटकलं, "बाटल्या बरोबर जुळतात". तिथूनच सुरू करतो, कारण मी पण तिथेच फसलो होतो.

माझा परमिट रूम पाथर्डी फाट्याकडे, हायवेच्या जवळ. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून हायवेपासून ५०० मीटरच्या आतले बार बंद झाले तेव्हा आमचं शटर पण काही महिने खाली होतं, जुनी पोरं किती दिवस बसून राहणार, गेली दुसरीकडे. नंतर महापालिका हद्दीतल्यांना सूट मिळाली, परत चालू केलं, तेव्हा काउंटरपासून वेटरपर्यंत सगळी नवीन माणसं. काउंटरवरचा मुलगा इतका हुशार की रजिस्टर स्वच्छ, ग्लास चकाचक, रात्री स्टॉक मोजला तर एक पेग इकडचा तिकडे नाही. मी पाच महिने घरी सांगत होतो की यावेळी माणसं चांगली मिळाली. व्हिस्कीची विक्री कमी दिसत होती पण म्हटलं इतके दिवस बंद होतो, गिऱ्हाईक परत यायला वेळ लागेल.

मग एक दिवस सोडावाला महिन्याचं बिल घेऊन आला आणि ते आधीच्या महिन्यापेक्षा ११ क्रेटने जास्त. मी त्याच्याशीच भांडलो आधी. त्याने चलनं दाखवली, सगळ्यांवर आमच्याच माणसाच्या सह्या. आता व्हिस्कीचे पेग कमी विकले जातायत आणि सोडा जास्त लागतोय, हे कसं शक्य आहे, लोक काय नुसता सोडा प्यायला येतात का. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी यायच्या आत जाऊन मागची भंगारची गोणी ओतली आणि एकेक बाटली मोजली. एका ब्रँडचे रिकामे खंबे, म्हणजे ७५० एमएलच्या बाटल्या, ९ निघाले, रजिस्टरप्रमाणे त्या दिवसांत सील तुटले होते ६. म्हणजे तीन बाटल्या माझ्या नव्हत्याच. त्या वाइन शॉपमधून आणून माझ्या काउंटरवरून, माझ्या ग्लासात, माझ्या बर्फासोबत विकल्या होत्या.

हे नीट समजून घ्या, कारण छोट्या बारमधली सगळ्यात मोठी चोरी हीच असते आणि ती स्टॉक मोजून कधीच सापडत नाही. चोरणारा तुमची बाटली नेतच नाही, तो स्वतःची आणतो. समजा वाइन शॉपमध्ये ८०० ला मिळणारा खंबा आहे आणि तुम्ही ६० एमएलचा पेग १५० ला देता, तर ७५० एमएलमध्ये साडेबारा पेग, म्हणजे १८७५ रुपये. एका बाटलीमागे १०७५ सुटले. रोज एक बाटली धरली तर महिन्याला ३२ हजारांच्या वर, त्याच्या पगारापेक्षा जास्त. तुमचा स्टॉक हललेला नाही, म्हणून टॅली एकदम परफेक्ट. आणि नुसता पैशाचा प्रश्न नाही हा. जी बाटली टीपीवर, म्हणजे माल आणायच्या ट्रान्सपोर्ट पासवर, तुमच्या नावाने आलेली नाही ती एक्साइजवाल्यांना तुमच्या काउंटरला सापडली तर उत्तर लायसनधारकाला द्यावं लागतं, म्हणजे तुमच्या काकांना. आजारी माणसाच्या मागे ते लचांड नको, एवढ्यासाठी तरी हे पहिलं बंद करा.

मी काय केलं ते सांगतो. पेटी आली की माझ्यासमोर फोडायची, खंब्याच्या पेटीत १२, हाफच्या २४, क्वार्टरच्या ४८, मोजायच्या आणि प्रत्येक खंब्याच्या लेबलवर मार्करने नंबर आणि माझी सही. दोन मिनिटांचं काम आहे. काउंटरवर बिनसहीची बाटली दिसली की विषय संपला, वाद घालायची गरजच नाही. नवीन बाटली हवी असेल तर रिकामी जमा करायची, नंबर बघायचा, मगच गोदामातून दुसरी द्यायची. फुटली म्हणाले तर सीलसकट बाटलीची मान दाखवायची, नाहीतर ती फुटलेली नाही. रिकाम्या बाटल्यांची गोणी आधी मागच्या दाराला असायची, ती मी माझ्या खुर्चीजवळ आणली, पण भंगारचे पैसे मात्र सगळ्या पोरांना वाटून द्यायला लागलो. ते आधीपासून द्यायला पाहिजे होते असं मला मनापासून वाटतं.

तरी हुशार माणूस बाहेरची दारू तुमच्या सहीच्या बाटलीत ओतू शकतो. त्यावर इलाज म्हणजे सोडा, पाण्याच्या बाटल्या आणि चखणा. दारू बाहेरून आणता येते पण सोडा कोणी खिशात घालून आणत नाही. तुमच्याकडे साधारण किती पेगला एक सोडा जातो हे एक महिना लिहून काढा, प्रत्येक बारचं वेगळं असतं, कुठे पाण्यासोबत पिणारे जास्त, कुठे सोड्यासोबत. तो आकडा एकदा बसला की मग तो बिघडला की समजायचं काहीतरी चालू आहे.

दुसरा प्रकार मेजरचा, म्हणजे पेग मोजायच्या मापाचा. ३० च्या जागी २५ ओतायचं. ७५० च्या बाटलीतून ३० एमएलचे २५ पेग निघतात, २५ एमएलने ओतलं तर ३०. वरचे ५ त्याचे, आणि गिऱ्हाईक म्हणणार या बारमध्ये माल हलका देतात, तो परत येणार नाही आणि तुम्हाला कारण पण सांगणार नाही. शिक्क्याचं मेजर ठेवा, हाताने ओतणं बंद करा आणि शक्य असेल तिथे लूज, म्हणजे उघड्या बाटलीतून पेग, विकूच नका. आपल्याकडे एमआयडीसीतून सुटून येणारा, नोटांच्या प्रेसमधून शिफ्ट करून येणारा माणूस तसाही क्वार्टरच मागतो, सीलबंद क्वार्टर टेबलवर त्याच्यासमोर उघडायची असा नियम केला की अर्धी कटकट संपते, पाणी मारायचा पण प्रश्न येत नाही.

लूज बाटल्या रात्री नजरेने पाव, अर्धी, पाऊण अशा लिहू नका, त्या अंदाजात रोज दोन पेग सहज लपतात. किचनमधला डिजिटल काटा घ्या. ४२.८ टक्केवाली आपली व्हिस्की, रम, व्होडका ३० एमएल म्हणजे साधारण २८ ग्रॅम भरते. त्या ब्रँडच्या सीलबंद बाटलीचं वजन एकदा लिहून ठेवा, रात्री उघडी बाटली ठेवा काट्यावर, फरकाला २८ ने भागा, किती पेग गेले ते समोर. मग ते बिलातल्या पेगांशी जुळवा. मला पहिल्यांदा तासभर लागला होता, आता वीस मिनिटांत होतं, आणि हे काउंटरवरच्या मुलासोबत उभं राहूनच करायचं, त्याच्या मागे नाही. त्याला आकडा माहीत असला पाहिजे आणि त्याची सही पाहिजे.

बिलाचं म्हणाल तर एकच नियम, केओटीशिवाय, म्हणजे ऑर्डरच्या छापील चिठ्ठीशिवाय, काउंटरने पेग द्यायचा नाही आणि किचनने चिकन लॉलीपॉप पण काढायचं नाही, वस्ताद म्हणजे आपला आचारी कितीही जुना असो. आमच्याकडे एक वेटर तेच बिल दोन टेबलांना दाखवायचा. दोन क्वार्टर, एक मसाला पापड, एक स्टार्टर ही ऑर्डर दिवसातून दहा वेळा येते, पहिल्या टेबलचे पैसे भरायचे, बिल खिशात ठेवायचं, तसंच दुसरं टेबल आलं की तेच पुढे करायचं आणि कॅश घ्यायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाचे पैसे झाले की दिंडोरी-निफाडकडची मंडळी पाच-सहा जणं मिळून बसतात, बिलावरची वेळ कोण बघतंय तेव्हा. बिलं रद्द करायचा पासवर्ड फक्त स्वतःकडे ठेवा, रोज रात्री रद्द झालेली बिलं आणि सुटलेले नंबर बघा. क्यूआर कोडचा स्टिकर पण स्वतः स्कॅन करून बघत जा कोणाच्या नावाने उघडतोय, आणि साउंडबॉक्स तुमच्या कानाजवळ ठेवा.

उधारीची वही काकांच्या काळापासून असेलच. ती घेऊन स्वतः प्रत्येकाला फोन करा, पैसे मागायला नाही, नुसतं "काका आजारी आहेत, मी बघतोय, तुमच्या नावावर एवढे दिसतायत, बरोबर ना" असं विचारायला. अर्धे लोक म्हणतील, अरे मी तर कधीच दिले तुमच्या माणसाकडे. माझ्याकडे एकाच फोनात ४२०० निघाले होते. आणि दारू कंपनीचा सेल्समन स्कीमच्या फुकट बाटल्या कोणाच्या हातात देतो ते पण बघा, बिलात त्या दिसत नाहीत, मागून आलेल्या असतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

आता हे तुम्हाला आवडेल की नाही माहीत नाही पण बोलतो. काकांचे मित्र येत असतील, घरचेच म्हणून दोन पेग फुकट, तुम्ही पण गल्ल्यातून पाचशे काढत असाल पेट्रोलला, चिठ्ठी न टाकता. हे आधी बंद करा. मालकच बिनबिलाचा पेग देतो म्हटल्यावर रात्रीचा हिशोब कधीच जुळणार नाही आणि जो फरक येईल त्यात कोणीही आपला हात लपवू शकतो. मी माझा स्वतःचा पेग पण बिल करून शून्य रुपयाला, कारण लिहून काढतो. भाऊ आला तरी तेच.

पोरांच्या बाजूनेही बघा जरा. माझ्या त्या काउंटरवरच्या मुलाला मी तेव्हा ठरलेला पगार कधी १२ तारखेला, कधी १८ ला द्यायचो, बारा-बारा तास उभा राहायचा तो, टिप कॅप्टन म्हणजे वेटरांचा प्रमुख एकटा ठेवायचा. त्याने चोरी केली ते चूकच, पण गावाला पैसे पाठवायची तारीख चुकली की माणूस काय काय विचार करतो हे मी कधी विचारलंच नव्हतं. आता ७ तारीख म्हणजे ७ तारीख, टिपचा डबा सगळ्यांचा, आठवड्याला सुट्टी, जेवण चांगलं. आणि एका वेटरला मी विश्वासात घेतलं, त्याला सगळं माहीत होतं पण मी कधी विचारलं नव्हतं म्हणून तो बोलला नव्हता.

सापडलाच कोणी तर मारहाण नको, पगार अडवणं नको, चारचौघांत अपमान नको. आकडे पुढे ठेवा, शांतपणे विचारा, हिशोब करून मोकळं करा आणि एक्साइजकडे नोकरनाम्यातून, म्हणजे तिथे नोंदवलेल्या नोकरांमधून, त्याचं नाव त्याच आठवड्यात कमी करा, हे लोक विसरतात. रक्कम मोठी असेल तर पोलिसात जा, नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली तर भारतीय न्याय संहितेत कलम ३०६ आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण निव्वळ संशयावर कोणाच्या पोटावर पाय देऊ नका, माझ्या हातून एकदा चुकीच्या मुलाला काढलं गेलंय आणि ते अजून टोचतं.

तर आता तुमच्यासाठी, उद्यापासून कोणाला काही न बोलता मागच्या सहा महिन्यांची सोड्याची आणि पाण्याच्या बाटल्यांची बिलं काढा, त्याच महिन्यांचे विकलेले पेग शेजारी लिहा, आणि सकाळी लवकर जाऊन रिकाम्या बाटल्यांची गोणी एकदा ओता. दोन्ही आकडे मिळाले की इथेच कळवा, बरोबर बसून बघू.