शंका-समाधान : कंदपिकांचे रोगमुक्त बेणे

प्रश्न : रताळ्याचे पीक यंदा उन्हाने गेले, असे आम्ही समजतो. त्यात बेण्याचा काय दोष?

उत्तर : दोष बहुधा दोघांचा असतो. रताळे, कसावा (साबुदाण्याचा कंद) ही पिके वेलीच्या किंवा खोडाच्या तुकड्यांपासून, म्हणजेच बेण्यापासून लावतात, म्हणून गेल्या हंगामातला विषाणू बेण्याबरोबर नव्या शेतात येतो. विषाणूने पान खुरटले की मुळांना अन्न कमी मिळते. पाऊसपाणी वेळेवर असेल तर असे झाड कसेबसे तगते, पण तीन आठवडे पावसाने ओढ दिली की तेच आधी मान टाकते. शिवाय कोरड्या, उबदार दिवसांत पांढरी माशी फोफावते आणि रोग झाडोझाड पोचवते.

हिरवेगार दिसणारा वेल निरोगी असेलच असे नाही. रताळ्यातला पिसाऱ्यासारखे ठिपके पाडणारा विषाणू मावा ही रस शोषणारी बारीक कीड पसरवते. तो एकटा असताना कित्येकदा लक्षणेच दाखवत नाही. पांढऱ्या माशीमार्फत येणारा, वेल पिवळा व खुजा करणारा विषाणू त्याला येऊन मिळाला की पहिल्याची संख्या भराभर वाढते आणि पीक बसते.

प्रश्न : औषध फवारून बेणे स्वच्छ करता येत नाही का?

उत्तर : नाही. बुरशीनाशक विषाणूवर चालत नाही आणि कीटकनाशकाने फार तर माशी कमी होते. विषाणू काढायचा तर काम प्रयोगशाळेचे. झाड काही आठवडे सुमारे ३६ ते ३८ अंश सेल्सिअसला ठेवून शेंड्याचा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान भाग ऊतीसंवर्धनात, म्हणजे निर्जंतुक बाटलीत पोषक द्रव्यावर, वाढवतात. इतक्या कोवळ्या टोकात विषाणू सहसा पोचलेला नसतो. तरी प्रत्येक रोप तपासावेच लागते. त्यासाठी आयपोमिया सेटोसा या सूचक वेलीवर (विषाणू असला की लक्षणे चटकन दाखवणाऱ्या) कलम करतात किंवा विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी करतात. म्हणून बेणे घेताना ‘ऊतीसंवर्धित आहे का?’ एवढ्यावर थांबू नका, ‘विषाणू तपासले का?’ हेही विचारा.

प्रश्न : स्वच्छ रोपे मिळाली, पण मोजकीच. वाढवायची कशी?

उत्तर : बेण्याचा वाफा कंदांच्या शेतापासून दूर, बारीक कीडरोधक जाळीत करा. साधी शेडनेट पांढरी माशी अडवत नाही. वाढवण्यासाठी तीन-चार डोळ्यांचे (पान फुटते त्या पेरांचे) तुकडे पुरतात. मुख्य शेतात मात्र २० ते ३० सेंमीचे शेंडे लावा आणि निम्मे डोळे मातीत जाऊ द्या. सोंड्या भुंगा वेलीच्या जुन्या, बुडाकडच्या भागात अंडी घालतो, त्यामुळे शेंड्याच्या बेण्यातून त्याचा त्रासही कमी येतो. खुरटे, आखडलेल्या पानांचे झाड दिसताच कंदासकट उपटा. मागच्या पिकाची आपोआप उगवलेली रोपेही ठेवू नका.

प्रश्न : उन्हाळाभर पाणी नसते. वेल जगत नाहीत, पाऊस आला की बेणे नाही!

उत्तर : मग वेल नको, कंद राखा. काढणीच्या वेळी सर्वांत जोमदार, निरोगी झाडांचे, न खरचटलेले, भुंग्याने न पोखरलेले कंद निवडा. टोपलीत किंवा खड्ड्यात कोरडी, थंड वाळू घालून कंद एकमेकांना लागणार नाहीत असे थर लावा, वर वाळू पसरा आणि सावलीत ठेवा. महिन्यातून एकदा उकरून कुजका कंद काढा. पावसाच्या सहा ते आठ आठवडे आधी कोंब आलेले कंद वाफ्यात अर्धा मीटर अंतरावर लावून पाणी द्या, म्हणजे पावसापर्यंत वेलीचे बेणे तयार होईल. वाळू ओली असली तर मात्र सगळे कुजते.

विकून उरलेले बारीक कंद बेण्याला ठेवण्याची सवय इथे सर्वांत महाग पडते. कंद बारीक राहिला, त्यामागे बऱ्याचदा रोगच असतो, आणि दरवर्षी नेमके तेच निवडले जाते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आणलेले स्वच्छ बेणे पुन्हा रोगट झाले. फसवणूक झाली का?

उत्तर : तसे समजू नका. रोगमुक्त म्हणजे रोगप्रतिकारक नव्हे. उघड्या शेतात माशी रोग परत आणणारच. दर दोन-तीन हंगामांनी बेणे बदला. आसपास रोग फार असेल तर दरवर्षी, आणि शक्य तिथे सहनशील वाणाचेच.