माशाचा रोग तोच, मग शेजाऱ्याचं औषध का चालत नाही?

प्रश्न (रामटेक तालुका): शेततळ्यात रोहू-कटला आहे. अंगावर लाल चट्टे, जखमा, पोट फुगलेलं. शेजाऱ्याच्या तळ्यात ज्या अँटिबायोटिकनं फरक पडला, तेच मी टाकलं. मर थांबली नाही. समुद्री माशांची लस मिळते असं कळलं. मागवू का?

उत्तर: लस मागवू नका. ती बहुधा व्हिब्रिओ अँग्विलारम या जिवाणूवरची असेल. तो खाऱ्या आणि मचूळ पाण्यातला. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून तुमच्या गोड्या पाण्यात एरोमोनास हा दुसरा जिवाणू असण्याची शक्यता जास्त, पण खात्री तपासणीनंतरच.

तरी त्या समुद्री जिवाणूवरून शिकण्यासारखं बरंच आहे. त्याचे बाह्य आवरणावरून 23 प्रकार ओळखले गेले आहेत. माशांत रोग प्रामुख्यानं ओ-1, ओ-2 आणि ओ-3 हे तीनच करतात. म्हणून लशीही मुख्यतः ओ-1 आणि ओ-2 धरून बनवतात. ओ-1 चे जिवाणू एकमेकांशी बरेच मिळतेजुळते, ओ-2 मध्ये मात्र आतल्या आत खूप फरक. ओ-1 च्या अनेक जिवाणूंत डीएनएचं एक सुटं कडं, म्हणजे प्लाझ्मिड, असतं. त्याच्या जोरावर जिवाणू माशाच्या रक्तातलं लोह ओढून घेतो. ते कडं गेलं की त्याची रोग करण्याची ताकद जवळपास संपते. हे 1980 मध्येच दाखवलं गेलं. एका तुकड्यानं एवढा फरक पडतो!

एरोमोनासमध्येही असेच भेद आहेत. तुरीचा एक वाण मर रोगाला बळी पडतो, दुसरा तग धरतो, तसं एका तळ्यातला जिवाणू औषधानं मरेल, दुसऱ्यातला मरणार नाही. औषधाला दाद न देण्याचे गुणही अशाच कड्यांतून एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. अंदाजानं औषध ओतलं की तगणारेच जिवाणू मागे उरतात, याची मला खरोखर काळजी वाटते. शिवाय आजारी मासा खाद्य सोडतो, त्यामुळे खाद्यातलं औषध त्याच्या पोटात जातच नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान तर मत्स्यपालनात बंदच आहेत, कुणी दिलं तरी घेऊ नका.

आज शेणखत थांबवा, खाद्य कमी करा, मेलेले मासे काढून चुना टाकून पुरा, जमल्यास ताजं पाणी सोडा. तळ्यात चुना पाण्याचा सामू (पीएच) मोजूनच टाका. सामू आधीच जास्त असेल तर अमोनियाचा त्रास वाढतो. तुमचं जाळं शेजाऱ्याला देऊ नका.

तपासणीसाठी मरणाच्या टेकीला आलेले, पण जिवंत असे चार-पाच मासे घ्या. प्लास्टिक पिशवीत घालून बाहेरून बर्फ लावा, गोठवू नका. त्याच दिवशी नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात पोचवा, निघण्यापूर्वी तिथे विचारून घ्या. कोणतं औषध लागू पडतं तीही चाचणी मागा, आणि आधी काय टाकलं ते लपवू नका.