फुटबॉलमधील ४-५-१ रचनेत (चार बचावपटू, पाच मिडफिल्डर म्हणजे मधल्या फळीतले खेळाडू, आणि पुढे एक स्ट्रायकर) स्ट्रायकर एकटा पडतो. प्रतिहल्ला कसा उभारावा?

जळगावच्या आपल्या महाविद्यालयीन संघाच्या स्ट्रायकरकडून चेंडू लगेच हिरावला जातो, असे आपण लिहिले आहे. दोष बहुधा त्याचा नसून त्याच्या मागे पडणाऱ्या अंतराचा आहे: चेंडू हाती लागताच एक विंगर (कडेने खेळणारा) आणि एक मिडफिल्डर त्याला ओलांडून पुढे धावले नाहीत, तर तो दोन सेंटर-बॅकच्या (मधल्या बचावपटूंच्या) कचाट्यात सापडणारच.

२०१८ च्या विश्वचषकात बेल्जियमने जपानविरुद्ध भरपाई वेळेत केलेला विजयी गोल पुन्हा पाहावा. जपानच्या कॉर्नरचा चेंडू पकडून बेल्जियमचा गोलकीपर कुर्त्वाने तो तत्काळ मिडफिल्डर डी ब्रॉयनाकडे टाकला. स्ट्रायकर लुकाकूने आतल्या दिशेने धाव घेत बचावपटूला आपल्यामागे ओढल्याने उजवीकडे सहकारी म्युनिए मोकळा झाला आणि म्युनिएचा पास आला तेव्हा लुकाकूने चेंडूला स्पर्शही न करता तो मागून येणाऱ्या शादलीसाठी सोडला. एकट्या स्ट्रायकरचे खरे काम हेच; गोल दुसऱ्याने केला तरी बिघडत नाही.

बचावाच्या वेळी स्ट्रायकरने मध्यरेषेच्या अलीकडे उभे राहावे, कारण स्वतःच्या अर्ध्या मैदानात ऑफसाइड (प्रतिस्पर्धी बचावफळीच्या पलीकडे उभे राहिल्याचा दोष) लागत नाही. खानदेशच्या एप्रिल-मेच्या उन्हात ९० मिनिटे प्रेसिंग (पुढे जाऊन प्रतिस्पर्ध्यावर सतत दबाव) करणे कोणाच्याच आवाक्यातले नाही, त्यामुळे मागे दबा धरून खेळणे मला येथे अधिक शहाणपणाचे वाटते. मात्र टणक मैदानावर उंच मारलेला चेंडू टप्पा घेऊन थेट गोलकीपरकडे जातो, म्हणून पहिला पास जमिनीलगत आणि तिरका, फुल-बॅकच्या (कडेच्या बचावपटूच्या) मागच्या मोकळ्या जागेत द्यावा.