भिंत काढायचीय, मग बोलवायचं कुणाला?

प्रश्न: आमच्या जुन्या घरात किचन आणि हॉलमधली भिंत काढून एकच मोठी खोली करायचीय, शिवाय फर्निचर, लाइट्स, पडदे सगळंच नवीन. कुणी म्हणतं इंटिरिअर डिझायनर बघा, कुणी म्हणतं इंटिरिअर आर्किटेक्ट. ताई, फरक काय असतो?

उत्तर: आहे त्याच खोलीत रंग, फर्निचर, पडदे, स्टोरेज कसं बसवायचं हे डिझायनरचं काम. खोलीचा आकारच बदलायचा असेल, म्हणजे भिंत हलवणं, दार दुसरीकडे नेणं, जिना, बाथरूमची जागा, तर इंटिरिअर आर्किटेक्ट.

आता तुमची ती भिंत. नुसतं पार्टिशन आहे की वरच्या स्लॅबचं वजन पेलतेय हे आधी कळलंच पाहिजे, आणि प्लीज, ठोकून आवाजावरून ठरवू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच दाखवा, कारण वजन पेलणारी निघाली तर आधी तात्पुरते टेकू लावून मग बीम टाकावा लागतो, परवानगीही लागू शकते. आतून वायरिंग किंवा पाइप जात असतील तर तेही वळवायचे. हे सगळं कागदावर आल्याशिवाय हातोडा उचलू देऊ नका.

डिझायनरलाही लवकरच सामील करून घ्या. सोफा, टेबल कुठे येणार हे ठरलं की सॉकेट आणि लाइटचे पॉइंट कुठे हवेत ते कळतं, नाहीतर प्लास्टर झाल्यावर परत भिंती फोडायची वेळ येते, फार जीव जळतो तेव्हा. काही जण दोन्ही कामं करतात, पण बऱ्याच देशांत 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायला नोंदणी लागते, तेव्हा ती विचारा, लाजू नका.